ओर्गोसोलोचं गायरान

इटलीच्या सार्डिनिया बेटावर, कालियारी शहरात राहायला आल्यापासून शेजारपाजारचे एकच सांगायचे, समुद्र काय कुठेही दिसेल, आत डोंगरातल्या बार्बाजात जाऊन ये. शेवटी एका शनिवारी नुओरोहून तिथल्या ओर्गोसोलो गावाची बस धरली. घाटात बस लागते त्यांनी गोळी घेऊनच बसावं.

बार्बाजा हे नाव रोमनांचं: रानटी लोकांचा मुलूख. हे डोंगरी मेंढपाळ त्यांना सहजी आवरले नाहीत, म्हणून ही पदवी! पण गावाचा इतिहास समजून घ्यायचा तर आपल्याकडचा एक शब्द पुरतो, गायरान. 1820 साली राजाने फर्मान काढलं, की मोकळ्या जमिनीला कुंपण घालेल त्याची ती जमीन. ज्यांच्याकडे पैसा, त्यांनी दगडी गडगे घातले. मेंढरं घेऊन फिरणाऱ्याने जायचं कुठे? पुढे डाकूंचं गाव म्हणून ओर्गोसोलो बदनाम झालं. 1903 ते 1917 या काळात दोन घराण्यांच्या वैरात मुडदे पडले, ते वेगळंच.

मग आलं 1969. गावाच्या सामायिक कुरणावर, प्रातोबेल्लोला, लष्कराला गोळीबाराचा सराव करायचा होता. मेंढपाळांना जनावरं हलवा म्हणून सांगितलं. बायका-पोरांसकट अख्खं गाव डोंगरावर जाऊन बसलं, बंदुका न उचलता. लष्कराला माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी इथे पहिलं भित्तिचित्र निघालं. 1975 मध्ये फ्रांचेस्को देल कासिनो या सिएनाहून आलेल्या शिक्षकाने शाळेतल्या मुलांना हाताशी धरलं, आणि आता दीडशेच्या वर चित्रं आहेत. कुठे मेंढपाळ, कुठे व्हिएतनाम. एका चित्रातल्या शिपायाच्या छातीवर नेमकी विजेच्या मीटरची पेटी आलीय.

पर्यटक भिंतींचे फोटो काढतात, मी मात्र भट्टीपाशी रेंगाळले. पाने कारासाऊ म्हणजे मेंढपाळाची शिदोरी, महिनोन्महिने टिकणारी. पातळ पोळी भट्टीत फुलक्यासारखी टम्म फुगते. आजीबाई ती गरम असतानाच कडेने सुरी फिरवून दोन पापुद्रे सोडवतात आणि ते परत भाजायला टाकतात. मीही हात घातला. बोटं पोळली, पापुद्रा फाटला. आजीबाईंनी तो तुकडा माझ्याच तोंडात कोंबला, वर किसलेलं मेंढीचं चीज.

परतीच्या बसमध्ये मांडीवर कारासाऊचा गठ्ठा होता. दर वळणाला एक तरी पोळी कडाकड मोडायची.