पाणी बंद पडले तर हाताशी किती वेळ?

नागपूरच्या हवेविषयी तक्रार करताना आपण मे महिन्याचे नाव घेतो. परंतु नागपूरजवळच्या बुटीबोरीतील एका कारखान्यात नवा रिॲक्टर (रसायनांची अभिक्रिया घडवण्याचे मोठे भांडे) सुरू करण्यापूर्वी स्फोटाच्या धोक्याचा हिशेब मांडायला बसलो, तेव्हा मला काळजी जुलैची होती. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी हवा कोरडी असते, त्यामुळे रिॲक्टर थंड ठेवणारे कूलिंग टॉवरचे पाणी बऱ्यापैकी गार मिळते. पावसाळ्यात दमट हवेमुळे बाष्पीभवन मंदावते आणि तेच पाणी काही अंशांनी गरम येते. प्रकल्पाच्या कागदांत मात्र या पाण्याच्या तापमानाचा वर्षभरासाठी एकच आकडा होता.

अभिक्रियेचा वेग दर १० अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो, तर जॅकेटमधून, म्हणजे भांड्याभोवतीच्या थंड पाण्याच्या आवरणातून, निघून जाणारी उष्णता केवळ तापमानातील फरकाच्या प्रमाणात वाढते. शिवाय १ लिटरच्या फ्लास्कमधील कृती त्याच आकाराच्या ५,००० लिटरच्या भांड्यात नेली, तर उष्णता निर्माण करणारे घनफळ ५,००० पट होते आणि ती बाहेर काढणारे पृष्ठफळ जेमतेम ३०० पट. आमच्या मिश्रणातून किलोमागे सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता निघणार होती. विशिष्ट उष्मा २ धरला, म्हणजे एक किलो मिश्रण एका अंशाने तापायला २ किलोज्यूल लागतात असे मानले, तर थंडावा पूर्ण बंद पडल्यास तापमान १५० अंशांनी चढू शकते, म्हणजे ६० वरून थेट २१०. द्रावक टोल्युइन, जे १११ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणजे बंद भांड्यात वाफेचा दाब चढत जाणार.

त्या २१० अंशांवर आणखी एखादी अभिक्रिया जागी होते का, हे कॅलरीमापनाशिवाय, म्हणजे नमुन्यातून निघणारी उष्णता प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय, कळत नाही. अमेरिकेत जॅक्सनव्हिल येथील टी-टू लॅबोरेटरीज या रसायन कारखान्यात १९ डिसेंबर २००७ रोजी रिॲक्टरच्या स्फोटात चार जण दगावले, ते १७५व्या बॅचला. तेथे थंड पाण्याला पर्यायी व्यवस्था नव्हती आणि सुमारे २०० अंशांपुढे सोडियम व तेथील द्रावक यांच्यात सुरू होणारी दुसरी अभिक्रिया कोणी तपासलेलीच नव्हती. इतक्या बॅचेस निघाल्या म्हणजे प्रक्रिया सुरक्षित, हा युक्तिवाद मी तेव्हापासून ऐकून घेत नाही.

(देशाच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे, म्हणूनच की काय, परवाना आला की धोका तपासून झाला, असा समज इकडे फार पक्का आहे. साठवण टाकीच्या परवान्यात रिॲक्टरमधील उष्णतेचा हिशेब नसतो.)

कागद मिटून प्रत्यक्ष फिरलो, तेव्हा जुन्या ऑपरेटरला विचारले, ‘‘काका, स्टरर (मिश्रण ढवळणारा पंखा) बंद पडला तर काय करता?’’ ते सहज म्हणाले, ‘‘डोझिंग चालू ठेवतो ना साहेब, मंग स्टरर सुरू करतो.’’ डोझिंग म्हणजे कच्चा माल थोडा थोडा सोडत राहणे. न ढवळता साचलेला कच्चा माल असा एकदम मिसळला, तर वरचे १५० अंश काही मिनिटांत गाठले जातात. काकांचा यात दोष नव्हता, कारण त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते. स्टरर थांबताच डोझिंगचा व्हॉल्व्ह आपोआप मिटेल अशी जोडणी करायला लावली.

मे महिन्याचा धोका दाराशीच सापडला. कोरड्या हवेत स्थिर वीज अधिक साचते, आणि टोल्युइनच्या ड्रमला लावलेला अर्थिंगचा चिमटा निळ्या रंगाच्या जाड थरावर बसला होता. मीटरला सलगता मिळेना. कानशीने रंग खरवडून चिमटा पुन्हा लावला, तेव्हा काटा १ ओमच्या खाली आला. पहिली बॅच बारा दिवस पुढे गेली आणि ती आम्ही दिवसपाळीतच घेतली.