तुम्ही विचारलंत म्हणून: मंडळी आधी उचलली जाणार, की आधी महासंकट?

मंडळी, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणारे सगळे, शेवटच्या मोठ्या संकटकाळाआधी प्रभूकडे वर उचलले जाणार, की त्यानंतर? बायबल-अभ्यासाला बसलेल्यांपैकी कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच, आणि उत्तर एका वाक्यात हवं असतं. ते तसं देता येत नाही. शेवटच्या काळातल्या घटनांचा अख्खा क्रम शास्त्रात एका जागी कुठेच लिहिलेला नाही. दानीएल, मत्तय 24, थेस्सलनीकाकरांस लिहिलेली दोन पत्रं आणि प्रकटीकरण यांतले तुकडे जोडून तो बसवावा लागतो. तुकडे सगळ्यांकडे तेच आहेत, वाद आहे तो सांध्यांवर.

‘सात वर्षांचं महासंकट’ हेच घ्या. प्रकटीकरणात सात वर्षं हा आकडा नाही. तिथे आहेत 42 महिने आणि 1260 दिवस, म्हणजे 30 दिवसांच्या महिन्याने साडेतीन वर्षं. सात येतात दानीएल 9 मधून. तिथे सत्तर सप्तकं आहेत. एक सप्तक सात वर्षांचं धरलं तर 490 वर्षं. त्यांतली 69 सप्तकं, म्हणजे 483 वर्षं, मसीहापर्यंत (देवाने पाठवलेल्या अभिषिक्तापर्यंत, म्हणजे येशूपर्यंत) संपली आणि सत्तरावं शेवटच्या काळासाठी राखून ठेवलं आहे, असं मानलं तरच सात वर्षांचं संकट उभं राहतं. मध्ये खंड आहे असं वचन स्पष्ट म्हणत नाही. खंड मानणारे 26व्या वचनाकडे बोट दाखवतात: मसीहाचा वध आणि नगराचा नाश तिथे 69 सप्तकांनंतर येतात, आणि शेवटच्या सप्तकाची गोष्ट 27व्या वचनात निघते. हा सांधा ज्याला पटला नाही, त्याच्यासाठी पुढचा बराचसा तक्ता आपोआप गळून पडतो.

संकटाआधी मंडळी गुपचूप उचलली जाईल, ही मांडणी आज सर्वांत जास्त ऐकू येते, पण ती तशी अलीकडची. 1830च्या दशकात प्लिमथ ब्रदरन या ख्रिस्ती गटातल्या जॉन नेल्सन डार्बी यांनी ती रुजवली आणि 1909 साली निघालेल्या स्कोफिल्ड टिपांच्या बायबलने ती दूरवर नेली. तिचे आधार पोकळ नाहीत: प्रकटीकरण 3:10 मधलं परीक्षेच्या घटकेपासून राखण्याचं वचन, आणि 1 थेस्सल. 5:9, की देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेलं नाही. तरीही मला ती पटत नाही. मत्तय 24:29-31 मध्ये येशू स्वतः आधी संकट सांगतो, मग आपलं येणं, मग कर्ण्याच्या नादात निवडलेल्यांना गोळा करणं. 2 थेस्सल. 2:3 मध्ये पौलही म्हणतो, की अनीतिमान पुरुष, म्हणजे शेवटच्या काळातला देवाचा विरोधक, प्रकट झाल्यावाचून प्रभूचा दिवस येणार नाही.

शिवाय 1 थेस्सल. 4:17 मध्ये विश्वासी प्रभूला अंतराळात सामोरे होतात, तिथला ‘सामोरे होणे’ हा शब्द पाहा. येशूच्या दाखल्यात दहा कुमारी वराला सामोऱ्या जातात, रोमचे बंधू पौलाला सामोरे येतात, तिथे मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आहे. दोन्ही ठिकाणी बाहेर पडलेली माणसं येणाऱ्याला घेऊन परत फिरतात. आपल्याकडे वराला वेशीवर गाठून वाजतगाजत गावात आणतात, तसंच. त्यामुळे मला एकच येणं दिसतं, दोन टप्प्यांतलं नाही.

दुसरा मोठा सांधा प्रकटीकरण 19 आणि 20 यांच्या मधला. अध्याय 20 हा 19 नंतर घडतो असं वाचलं, तर ख्रिस्त आधी येतो आणि मग हजार वर्षं राज्य करतो. दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक जस्टिन आणि इरेनियस असंच मानत. पुढे धर्मपंडित ऑगस्टीनने ती हजार वर्षं म्हणजे मंडळीचा आत्ताचाच काळ धरला. त्या वाचनात अध्याय 20 गोष्ट पुन्हा सुरुवातीपासून सांगतो आणि सैतानाला बांधणं हे मत्तय 12:29 मधल्या बलवानाला बांधण्यासारखं ठरतं. मृतांच्या न्यायाची वेळ 11:18 मध्येच येऊन जाते, म्हणजे पुस्तक सरळ काळाच्या क्रमाने चालत नाही, हा त्यांच्या बाजूचा भक्कम मुद्दा. अडचण येते 20:4-5 मध्ये: तिथे आधी हुतात्म्यांबद्दल आणि मग उरलेल्या मृतांबद्दल ‘जिवंत झाले’ म्हटलं आहे, ते एकदा आत्मिक आणि लगेच पुढे शारीरिक कसं घ्यायचं? तिसरं मत असं, की सुवार्तेने जग आधी बदलेल आणि ख्रिस्त त्यानंतर येईल. अठराव्या शतकातले अमेरिकन धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स त्या बाजूचे.

चुका मात्र ठरलेल्या आहेत. मत्तय 24:40 मधला शेतातून ‘घेतला जाणारा’ माणूस उचललेला विश्वासी समजला जातो. पण दोनच ओळी आधी जलप्रलय आहे, आणि तिथे वाहून जातात ते बेसावध लोक. ख्रिस्तविरोधक (अँटिख्रिस्ट) हा शब्द प्रकटीकरणात शोधू नका, तो फक्त योहानाच्या पत्रांत आहे. आणि ख्रिस्ताच्या येण्याची तारीख काढू नका. अमेरिकन प्रचारक विल्यम मिलर यांनी दानीएल 8:14 मधले 2300 दिवस वर्षं धरून इ.स.पू. 457 पासून मोजले. आधी 1843 आलं. शून्य वर्ष नसतं हे लक्षात आल्यावर 1844 झालं, आणि शेवटी अनुयायांनी 22 ऑक्टोबर धरला. तो दिवस आला तसा गेला. बेरीज दुरुस्त झाली होती, पण तो दिवस कुणालाच ठाऊक नाही हे सांगणारं मत्तय 24:36 नजरेआड राहिलं.

वाचायला सुरुवात करायचीच तर 1 थेस्सल. 4:13 पासून करा. तिथे पौल ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे शब्द स्वतः वापरतो: ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, नंतर जिवंत उरलेले त्यांच्याबरोबर घेतले जातील. थेस्सलनीकाच्या लोकांनी आपली माणसं नुकतीच पुरली होती, आणि ती मागे राहतील की काय, एवढीच त्यांची काळजी होती.