परभणीच्या उन्हाळ्यात क्रेस्टेड गेको : माझा अनुभव

क्रेस्टेड गेको ही पालीच्या जातीतलीच एक परदेशी जात. तो पाळायचा तर खाणं, पिंजरा, खर्च या सगळ्याच्या आधी तापमानाचा विचार करावा लागतो. २२ ते २६ अंश त्याला मानवतं. २८ च्या पुढे तो मलूल होतो आणि तिशीच्या वर बराच वेळ राहिला तर जिवावर बेततं. आमच्या परभणीत मे महिन्यात पारा सहज ४२ च्या पुढे जातो. तरीही ठिपक्याने, म्हणजे माझ्या गेकोने, इथे अख्खं वर्ष नीट काढलं. मला मिळालेली सगळी माहिती थंड हवेच्या देशांतली होती, म्हणून इथलं सविस्तर लिहिते.

ठिपक्या मूळचा माझ्या भाच्याचा. तो पुण्याहून शिकायला जर्मनीला निघाला आणि मी ह्याला सांभाळायचं कबूल केलं. सोबत खरेदीची पावतीही मागून घेतली. परदेशी प्राणी घरात आणताना तो कुठून आला हे आपल्याला दाखवता आलं पाहिजे, आणि साइट्स (CITES) ह्या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला प्राणी असेल तर सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. रानातला सरडा किंवा घोरपडीचं पिल्लू उचलून आणायचा विचारही कुणी करू नये. घोरपड तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

सासूबाई म्हणाल्या, “पाल पाळतेत का माय कुनी?” अंगावर पाल पडली तर पंचांग काढून फळ बघणारं आमचं घर, त्यामुळे त्यांचा प्रश्न मला चुकीचा वाटला नाही. काचेच्या पेटीवर मी पडदा लावून ठेवला. एका रात्री त्यांनी स्वतःच पडदा सरकवला, तेव्हा ठिपक्या जीभ बाहेर काढून स्वतःचा डोळा पुसत होता. ह्या जातीला मिटता येतील अशा पापण्याच नसतात, त्यामुळे डोळा जिभेनेच साफ करावा लागतो. सासूबाई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. आता रोज संध्याकाळी “त्याला पाणी मारलं का?” हे त्याच विचारतात.

हा मूळचा प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा. शास्त्रात त्याची नोंद १८६६ सालची. पुढे तो नामशेष झाला असंच धरलं गेलं होतं, आणि १९९४ साली तो पुन्हा सापडला. माझ्या हातावर बसलेला एवढासा जीव त्या वंशातला आहे, ह्याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

पेटी उंच हवी, कारण तो जमिनीवर कमी आणि फांद्यांवर जास्त राहतो. आमची ४५ बाय ४५ बाय ६० सेंटीमीटरची आहे, वर जाळी, आत फांद्या आणि मनीप्लांट. ही पेटी ठेवायची कुठे, हा खरा प्रश्न होता. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि ठिपक्या जागा असतो नेमका रात्री. घराच्या मागे आमची जुनी माळवदाची खोली आहे, हात-दीड हात जाडीच्या भिंती आणि वर मातीचं छत. पेटी ठेवण्याआधी तिथे थर्मामीटर ठेवून मी नोंदी घेतल्या. बाहेर ४२ असताना आत तिशीच्या आसपास, आणि कूलर लावला की २७. मे महिन्यातली हवा कोरडी असते म्हणून कूलरचं इतकं चालतं.

मेपेक्षा जून कठीण गेला. पाऊस लांबला, हवेत दमटपणा भरला आणि कूलर नुसताच फिरत राहिला. ते दिवस पेटी एसीच्या खोलीत होती. एसीने हवा कोरडी होते, म्हणून पाण्याचा फवारा वाढवला. वीज गेली की फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या पंचात गुंडाळून वरच्या जाळीवर ठेवायच्या. गार हवा खाली उतरते आणि दोन-तीन अंशांचा फरक पडतो. वीज आली नाही तर बाटल्या बदलत राहायचं.

फवारा संध्याकाळी मारायचा आणि दिवसा पेटी सुकू द्यायची, सतत ओल राहिली की बुरशी धरते. आमचं बोअरचं पाणी जड आहे, काचेवर क्षारांचे पांढरे डाग पडतात, म्हणून फिल्टरचंच पाणी वापरते.

खाण्याचं सोपं आहे. फळांची तयार पावडर मिळते, ती पाण्यात सॉसइतकी दाट कालवून झाकणभर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उरलेली टाकून द्यायची. शेतातले नाकतोडे मी कधीच देत नाही. आपल्याकडे कापूस-सोयाबीनवर इतकी फवारणी होते की त्या किड्यांच्या पोटात काय गेलं असेल सांगता येत नाही. पेटीत हात घातला की साबणाने धुवायचा हा मुलांसाठीही नियम आहे, कारण अशा प्राण्यांकडून साल्मोनेला ह्या जिवाणूची लागण होऊ शकते.

दिवाळीत पाहुण्यांच्या मुलांनी काचेवर जोरजोरात थापा मारल्या आणि ठिपक्याने शेपूट टाकलं. ते तुकडं तळाशी वळवळत होतं आणि तो फांदीला घट्ट चिकटून बसला होता. आपल्या घरातल्या पालीचं शेपूट पुन्हा येतं, ह्याचं येत नाही. मला रडू आलं. पुण्यातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. तळाची माती काढून टिश्यू पेपर अंथरा, जखम स्वच्छ राहू द्या, हात लावू नका, एवढंच त्यांनी सांगितलं. जखम व्यवस्थित भरली. रानातही ह्या जातीचे बरेचसे मोठे गेको बिनशेपटीचेच असतात हे नंतर कळलं, तेव्हा जरा धीर आला.

कात टाकताना बोटांकडे लक्ष द्यावं लागतं. काचेवर चढायला त्याला बोटांखालचे केसांसारखे सूक्ष्म तंतू उपयोगी पडतात, आणि तिथे जुनी कात अडकून आवळली तर बोट जायची भीती. थंडीत हवा कोरडी असताना एकदा तसं झालं. कोमट पाण्याने ओला केलेला टिश्यू काही वेळ पायाखाली ठेवला आणि ओल्या इअरबडने कात हळूच सोडवली. त्याच थंडीत बाहेर पारा एक अंकी झाला होता, पण माळवदाच्या खोलीने तेव्हाही साथ दिली. थर्मोस्टॅटला जोडलेलं छोटं हीटिंग पॅड फक्त पहाटे चालू व्हायचं.

दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचं वजन करते. शेपूट गेल्यावर घटलं होतं, आता ४१ ग्रॅम आहे. नीट सांभाळला तर हा १५-२० वर्षं जगतो. भाच्याला तसं सांगून टाकलंय, तो परत आला तरी ठिपक्या इथेच राहणार. येत्या मेच्या आधी खोलीला इन्व्हर्टर जोडून घेणार आहोत, त्याचे पैसे सासूबाईंनी दिलेत.