जुनी डिझेल स्विफ्ट देऊन ब्रेझा घेताना

२०११ च्या डिसेंबरात घेतलेली आमची डिझेल स्विफ्ट या वर्षी आम्ही दिली आणि तिच्या बदल्यात २०२३ ची पेट्रोल ब्रेझा घरी आणली. आम्ही साताऱ्यात राहतो. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला माझ्या माहेरी अधूनमधून जाणे असते आणि सासूबाईंना घेऊन दवाखान्याच्या फेऱ्या तर ठरलेल्याच असतात. गाडी बदलताना काय काय पाहावे लागले ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण विक्रेत्यांकडून मिळालेली निम्मी माहिती अर्धवट होती आणि उरलेली त्यांच्या सोयीची होती.

स्विफ्टच्या इंजिनाबद्दल माझी अखेरपर्यंत तक्रार नव्हती. हे १.३ लिटरचे डिझेल इंजिन मूळचे फियाटचे. मारुतीने ते डीडीआयएस या नावाने आणि टाटांनी क्वाड्राजेट या नावाने आपापल्या गाड्यांत वापरले, आणि २०२० मध्ये प्रदूषणाबाबतचे बीएस-६ चे नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. अडचण होती ती गाडीच्या उंचीची. सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली वाकून आसनावर बसणे आणि उतरताना पुन्हा वर उठणे अशक्य होत चालले होते. शिवाय पाच माणसे आणि सामान असले की पाटणच्या पुढे गावोगावच्या गतिरोधकांवर गाडीचे पोट घासत असे. स्विफ्टची जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर, तर ब्रेझाची २०० च्या आसपास. हा फरक कागदावर तीन सेंटिमीटरांचा असला, तरी गतिरोधकावर तो पुरेसा ठरतो.

तिसरे कारण नोंदणीचे. येत्या डिसेंबरात स्विफ्टच्या आरसीची पंधरा वर्षे पूर्ण होत होती, आणि याच मुद्द्यावर मला प्रत्येक ठिकाणी घाबरवण्यात आले. ‘मॅडम, पंधरा वर्षे झाली की ही गाडी भंगारातच जाणार, मग आज मिळतात तेवढे पदरात पाडून घ्या,’ असे एका विक्रेत्याने अगदी काळजीच्या सुरात सांगितले. वस्तुस्थिती अशी आहे की दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रासाठी आले. महाराष्ट्रात खासगी मोटारीची पंधरा वर्षे भरली की आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर आणि नूतनीकरणाचे शुल्क भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवता येते. खर्च आणि हेलपाटे आहेत, हे खरे. पण गाडी भंगारात जात नाही. हे माहीत असलेल्या ग्राहकाला मिळणारी किंमत आणि माहीत नसलेल्याला मिळणारी किंमत यांत किती अंतर पडते, ते मी त्याच दुकानात पाहिले. नूतनीकरणाचे नियम मी सांगताच पाच मिनिटांत आमच्या गाडीचा भाव पंधरा हजारांनी वाढला.

सुरुवातीला नवीच गाडी घेण्याचा विचार होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि पेट्रोल-डिझेलवरच्या सगळ्याच मोटारी स्वस्त झाल्या, पण सारख्या प्रमाणात नव्हे. चार मीटरपेक्षा कमी लांबीची आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची गाडी उपकरासह २९ टक्क्यांवरून थेट १८ टक्क्यांवर आली. ब्रेझाबरोबर आमच्या विचारात असलेल्या टाटांच्या नेक्सॉनचे ११९९ सीसीचे पेट्रोल इंजिन या मर्यादेत बसते. ब्रेझाची लांबी ३९९५ मिलिमीटर, म्हणजे लांबीच्या अटीत ती बसते; पण तिचे इंजिन १४६२ सीसीचे असल्यामुळे ती वरच्या गटात मोडते आणि तिच्यावरचा कर ४५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंतच उतरला. नव्या गाडीत त्यावर महाराष्ट्राचा रस्ता कर, दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीला १२ टक्के. ही सगळी बेरीज केल्यावर, पहिल्या दोन-तीन वर्षांची घसरण दुसऱ्या कोणी सोसलेली गाडी घ्यावी, या मताला आम्ही आलो. नेक्सॉनने डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळवले होते आणि सुरक्षिततेच्या बाबतीत माझा कल तिच्याकडेच होता. पण सासूबाईंनी दोन्ही गाड्यांत बसून पाहिल्यावर ब्रेझाच्या मागच्या दारातून त्यांना अधिक सहज उतरता आले आणि विषय तिथेच मिटला.

ब्रेझासारख्या गाडीला एसयूव्ही म्हणतात म्हणून तिच्याकडून बोलेरोची अपेक्षा करू नये. बोलेरो आणि स्कॉर्पिओ यांचा सांगाडा शिडीसारख्या स्वतंत्र चौकटीवर उभा असतो. ब्रेझा, नेक्सॉन, क्रेटा यांची बॉडी मोटारीसारखी एकसंध असते, आणि ब्रेझाची फक्त पुढचीच चाके ओढतात. पावसाळ्यात शेताच्या चिखलात घालण्याची ही गाडी नव्हे. आम्हाला हवे होते उंच आसन, मोठे दार आणि स्विफ्टच्या २०४ लिटरच्या डिकीऐवजी ३२८ लिटरची डिकी. तेवढ्यासाठी ही पुरेशी आहे.

वर्ष निवडताना एक अट मी कटाक्षाने पाळली: गाडी एप्रिल २०२३ नंतर तयार झालेली हवी. आता पंपावर सर्वत्र वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि त्या इंधनाला चालणाऱ्या रबरी नळ्या, सील वगैरे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत बसवलेले असतात. त्याआधीची गाडी लगेच बंद पडते असे नाही, पण आठ-दहा वर्षे वापरायची वस्तू घेताना ही शंका मागे ठेवायची नव्हती. मिळालेली गाडी ब्रेझाच्या झेडएक्सआय या प्रकारातली आहे. तिच्यात घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा आणि चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय आहे, पण एअरबॅग दोनच. त्या वर्षीच्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग हव्या असतील तर झेडएक्सआय प्लसच घ्यावी लागते, आणि ती आमच्या खर्चाच्या मर्यादेबाहेर जात होती. ही तडजोड मला आजही पूर्णपणे पटलेली नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे अदलाबदलीचा व्यवहार. जुनी गाडी देऊन दुसरी घेताना विक्रेता दोन आकडे सांगतो, आणि आपले सगळे लक्ष पहिल्या आकड्यावर खिळून राहील अशी व्यवस्था करतो. पंधरा वर्षे सांभाळलेल्या गाडीची किंमत कोणी चढी सांगितली की माणूस सुखावतो. पहिल्या ठिकाणी स्विफ्टचे १ लाख ९० हजार सांगितले आणि ब्रेझाचे ९ लाख ६० हजार. दुसऱ्या ठिकाणी स्विफ्टचे अवघे १ लाख ४५ हजार आणि तशाच ब्रेझाचे ८ लाख ९० हजार. पहिल्या व्यवहारात खिशातून जाणार होते ७ लाख ७० हजार, दुसऱ्यात ७ लाख ४५ हजार. म्हणजे आमच्या गाडीला पंचेचाळीस हजार जास्त देणारा माणूस प्रत्यक्षात पंचवीस हजारांनी महाग होता. म्हणून ‘वर किती द्यायचे?’ एवढाच प्रश्न विचारावा, आणि त्याआधी दुसरी गाडी जुनी गाडी न देता घेतली तर कितीला मिळेल, हा भाव लेखी घ्यावा. (हे सगळे प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरे माझ्या पतींकडे पाहून, ‘सर’ म्हणून दिली जात होती. त्यांना गाडीतले फारसे कळत नाही, हे त्यांनी स्वतःच दोनदा सांगून पाहिले. उपयोग झाला नाही.)

ओळखीच्या एका गॅरेजवाल्यांनी स्विफ्ट रोख १ लाख ७० हजारांना मागितली होती. तो आकडा सांगितल्यावर दुसऱ्या विक्रेत्याने १ लाख ६० हजारांपर्यंत वाढ केली आणि आम्ही तिथे थांबलो. परस्पर विकली असती तर आणखी दहा हजार मिळाले असते; ते आम्ही कागदपत्रांच्या निश्चिंतीसाठी सोडले. जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत विक्रेत्याला जानेवारी २०२५ पासून १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. मात्र तो त्याच्या नफ्याच्या रकमेवर असतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे. तेव्हा ‘वर जीएसटी वेगळा’ असे म्हणत कोणी पूर्ण किमतीवर कर मागितला, तर तिथून उठावे.

कागदपत्रांची ही निश्चिंती म्हणजे काय, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. पूर्वीची पद्धत अशी की मालकाने मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० कोरेच सह्या करून द्यायचे आणि गाडी विसरून जायची. पुढचे गिऱ्हाईक मिळेपर्यंत, म्हणजे कधी सहा महिने तर कधी वर्षभर, गाडी आपल्याच नावावर फिरत राहायची. या काळात अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. १ एप्रिल २०२३ पासून नियमांत सुधारणा झाली. आता परिवहन विभागाचे अधिकारपत्र असलेल्या विक्रेत्याकडे गाडीचा ताबा दिल्याची सूचना फॉर्म २९-सी भरून ऑनलाइन देता येते, आणि तेव्हापासून तो विक्रेताच मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालक, धरला जातो. अट एवढीच की विक्रेत्याकडे ते अधिकारपत्र हवे. पहिल्या दुकानात हा फॉर्म कोणी ऐकलेलाही नव्हता. दुसऱ्याने अधिकारपत्राची प्रत टेबलावर ठेवली. सूचना दिल्याची पावती हातात पडल्यावरच मी स्विफ्टची दुसरी किल्ली दिली.

विम्यात अनेकांचे पैसे नकळत बुडतात. नो क्लेम बोनस हा गाडीचा नसून मालकाचा असतो. पाच वर्षे दावा केला नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते, आणि जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून तसे पत्र घेतले तर ती सूट तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीच्या विम्यात वापरता येते. ब्रेझाच्या आधीच्या मालकाचा बोनस मात्र आपल्याला मिळत नाही. फास्टॅगचेही तसेच; तो जुन्या गाडीबरोबर बंद करावा लागतो, आणि टोलचा वार्षिक पास काढलेला असेल तर तो दुसऱ्या गाडीवर फिरवता येत नाही. तासवड्याच्या नाक्यासाठी काढलेल्या आमच्या पासातल्या बऱ्याच फेऱ्या शिल्लक होत्या, त्या गेल्या.

गाडी तपासताना चिपळूणचे माहेर उपयोगी पडले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात शहरातल्या असंख्य गाड्या बुडाल्या होत्या, आणि बुडालेली गाडी ओळखायची कशी हे त्यानंतर तिथल्या घराघरांत माहीत झाले आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण आतल्या बाजूला गाळाची रेघ राहते. डिकीतल्या जादा चाकाखालचा पत्रा आणि आसनांचे खालचे बोल्ट गंजलेत का ते पाहावे. अपघाताच्या खुणांसाठी दारांचे रबर सोडवून आतले वेल्डिंगचे ठिपके एकसारखे आहेत का ते बघावे आणि बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग उडाला आहे का तेही. टायरवरच्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. आमच्या ब्रेझाचे तीन टायर २०२३ चे आणि एक २०२५ चा निघाला. विचारल्यावर बाजूने चिरल्याने बदलल्याचे सांगण्यात आले, आणि कंपनीच्या सर्व्हिसच्या नोंदींत तसा उल्लेख सापडलाही. त्याच नोंदींत प्रत्येक खेपेचे किलोमीटर लिहिलेले असतात, त्यामुळे मीटर मागे फिरवला आहे का हे तिथे कळते. या नोंदी दाखवायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडची गाडी कितीही चकचकीत असली तरी घेऊ नये, असे माझे मत आहे.

चालवण्याबद्दल सांगायचे तर डिझेलची सवय मोडायला वेळ लागतो. स्विफ्ट इंजिनाच्या मिनिटाला २००० फेऱ्यांनाच १९० न्यूटन मीटरची ओढ देत असे. ब्रेझा १३७ च्या आसपास देते आणि तीही ४४०० फेऱ्यांना. कुंभार्ली घाट चढताना जिथे स्विफ्ट तिसऱ्या गिअरवर निवांत जायची, तिथे ही दुसरा मागते, आणि एसी चालू असला तर तो मागण्याआधीच टाकावा लागतो. चिपळूणच्या फेरीत स्विफ्ट लिटरला वीसच्या वर देत असे, ब्रेझा सोळाच्या आसपास देते. उंचीमुळे वळणावर गाडी थोडी कलल्यासारखी वाटते. याच्या उलट खड्ड्यांवरून ती बऱ्याच शांतपणे जाते, समोरचा रस्ता लांबवर दिसतो आणि इंजिनाचा तो सततचा खडखडाट नाही.

खरी अडचण घराशी आहे. स्विफ्टची रुंदी १६९५ मिलिमीटर होती, ब्रेझाची १७९० आहे, आणि पेठेतल्या आमच्या बोळात समोरच्या पायऱ्या व विजेचा खांब यांच्यामधून तिला आत घालताना दोन्ही आरसे मिटावे लागतात. मी तीन-चार वेळा मागेपुढे करून आणते. पतींनी मात्र गाडी कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत लावण्याची परवानगी तिथल्या मालकांकडून मिळवली आहे, भाडे महिना आठशे रुपये.