चारशे मीटर, एक घनमीटर, एक युनिट

पंप्ड स्टोरेज म्हणजे जादा वीज असताना पाणी वरच्या तळ्यात चढवायचं आणि गरज पडली की तेच खाली सोडून वीज करायची. त्याच्या प्रस्तावात मेगावॉटचा आकडा सगळ्यात ठळक असतो. जागा पारखताना मात्र तो शेवटी पाहावा. आधी पाहायचं ते हेड, म्हणजे वरच्या आणि खालच्या तळ्यातला पातळीचा फरक.

४०० मीटरवरून एक घनमीटर पाणी खाली आलं, की यंत्रातली घट वजा जाता साधारण एक युनिट वीज मिळते. म्हणजे १००० मेगावॉट सहा तास द्यायचे तर वर सुमारे ६० लाख घनमीटर वापरण्याजोगं पाणी हवं. हेड २०० मीटर असेल तर पाणी दुप्पट, तळं दुप्पट आणि बोगदेही रुंद.

सहा हजार मेगावॉट-तास मिळवायला पंपिंगला साडेसात ते आठ हजार लागतात. त्याच क्षमतेने उपसलं तर साडेसात-आठ तास. निव्वळ सौर विजेवर तळं भरायचं असेल तर भर उन्हाचे तास तेवढे मिळतीलच असं नाही. पंपाची क्षमता जास्त ठेवायची की रात्रीचा वारा जोडीला घ्यायचा, हे यंत्र मागवण्याआधीच ठरवावं लागतं. त्यात स्थिर वेगाचा पंप जवळजवळ चालू किंवा बंद एवढंच जाणतो. ढग आला म्हणून भार कमी करायचा तर बदलत्या वेगाचं, महागडं यंत्र हवं.

मग पाहायचं ते दोन तळ्यांना जोडणाऱ्या जलमार्गाची लांबी भागिले हेड. दहाच्या आत असेल तर उत्तम. मार्ग लांबला की घर्षण वाढतं, यंत्र झटकन बंद केल्यावरचा दाबाचा तडाखा वाढतो, आणि तो तडाखा झेलणारी उल्लोळ विहीर खोदावी लागते.

वीजगृह जमिनीखाली का, असं हमखास विचारलं जातं. पंपाच्या तोंडाशी दाब कमी पडला की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, फुटतात आणि चाकाचा धातू कुरतडतात. म्हणून यंत्र खालच्या तळ्याच्या किमान पातळीच्याही कित्येक मीटर खाली बसवतात. तिथला खडक कसा आहे, हे नुसत्या बोअरच्या नमुन्यांवरून कळत नाही. शोधबोगदा खणून खडकातला ताण मोजावा. सर्वांत कमी ताण जलमार्गातल्या पाण्याच्या दाबापेक्षा कमी निघाला तर जलमार्गाच्या तेवढ्या भागात पोलादी अस्तर अटळ. तपासणीत वाचवलेले पैसे नंतर गळतीत जातात.

वरच्या तळ्याची पातळी रोज वीसेक मीटर चढ-उतार करू शकते. पाणी झपाट्याने उतरलं की तळ्याच्या अस्तरामागे अडकलेलं पाणी त्या अस्तराला उचलून फाडतं. त्यामुळे अस्तराखालचा निचरा आधी, अस्तर नंतर.

या तळ्याला पाणलोट नाही, मग जादा पाणी सोडणारा सांडवा कशाला, हा युक्तिवाद मला पटत नाही. त्याची नदी म्हणजे पंप. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात टॉम सॉक इथल्या पंप्ड स्टोरेज प्रकल्पात वरच्या तळ्याच्या पातळीमापकांच्या नळ्या पकडीतून सुटल्या आणि पातळी खरीपेक्षा कमी दिसू लागली. पंप थांबवणारे आणीबाणीचे मापक भिंतीच्या सर्वांत खोलगट जागेपेक्षा वर बसवलेले होते. १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे पाणी भिंतीवरून गेलं, दगडी भराव वाहून गेला आणि अर्ध्या तासाच्या आत तळं रिकामं झालं. नव्याने बांधलेल्या तळ्याला त्यांनी सांडवा दिला.