काळा पडलेला प्लग

लडाखहून येऊन चार दिवस झाले, आज कुठे बाइक मेकॅनिककडे नेली. त्याने इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढून माझ्यापुढे धरला. काजळीने काळाकुट्ट. "भिया, कोयले की खदान में ले गए थे क्या?"

खाण कसली, उलट वर! आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. खारदुंगला ५,३५९ मीटर, तिथे हवेचा दाब जवळपास निम्मा. माझी जुनी कार्ब्युरेटरवाली (म्हणजे पेट्रोल-हवेचं ठरलेलं मिश्रण करणारी) गाडी पेट्रोल मात्र इंदूरच्याच हिशेबाने पिते, हवा पुरत नाही म्हणून ते धड जळत नाही. मग काळा धूर आणि दुसऱ्या गिअरमध्ये रडारड. मित्राची इंजेक्शनवाली गाडी हवेच्या मानाने पेट्रोल घेते, ती मजेत पुढे निघून गेली आणि मी तंगलंगलाच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पायांनी ढकलत. (तिबेटीत 'ला' म्हणजेच खिंड. तेव्हा 'खारदुंगला पास' म्हणजे आपलं 'पिवळं पीतांबर' झालं.)

वर पोचल्यावर फोटोपुरता दहा मिनिटं थांबलो. डोकं असं ठणकत होतं की डोंगर, बर्फ वगैरे जे काही पाहिलं ते उतारावरच.

आई म्हणते, "एवढं लांब जायचं आणि दहा मिनिटं थांबायचं? त्यापेक्षा इथल्या जानापावच्या टेकडीवर जा, डबा तरी नेता येतो."

नवा प्लग बसवल्यावर पहिल्याच किकला सुरू झाली. जुना घरी आणून टीव्हीशेजारी ठेवलाय. संध्याकाळपासून आईने तो दोनदा केरात टाकलाय.