चेहरा न दाखवणारा आरसा

आरशासमोर उभं राहून आरसा पाहणारा माणूस विरळाच. आपण भांग पाहतो, कॉलर सारखी करतो, डोळ्यांखालची वर्तुळं मोजतो आणि निघतो. मोनिर शाहरूदी फरमानफरमायान या इराणी चित्रकार-शिल्पकार बाईंच्या, आरशाचे तुकडे गिलाव्यात बसवून केलेल्या कलाकृतींपुढे ही सोय नाही. तिथे नाकाचा शेंडा एकीकडे, खांदा भलतीकडे आणि मधल्या तुकड्यात छताचा दिवा. अमूर्त कलाकृती दिसली की ‘हे नक्की कशाचं?’ असं विचारायची आपल्याला खोड. इथे उत्तर ‘तुमचंच’ असूनही ओळख पटत नाही!

यामागची युक्ती शाळेतल्या विज्ञानाची आहे. आरसा एका अंशाने कलला की परावर्तित किरण दोन अंशांनी वळतो. तीन मीटरवर हा फरक सुमारे 10 सेंटिमीटर होतो, म्हणजे शेजारच्या तुकड्यात डोळ्याऐवजी कान. ओल्या गिलाव्यात बोटाने दाबलेले तुकडे आपसूकच थोडेथोडे कलतात. सगळे अगदी एका पातळीत बसले, तर उरेल तो भेगाळलेला बाथरूमचा आरसा.

काम मात्र नाठाळ. आधी पूर्ण मापाचा आराखडा कागदावर. मग काच कापायची ती पुढच्या बाजूने, कटर एकदाच फिरवून. त्याच रेघेवरून पुन्हा फिरवलं की तडा वाट्टेल तिकडे पळतो. निमुळत्या तुकड्यांची टोकं हटकून मोडतात, म्हणून ते जास्तीचे कापून ठेवावेत. प्लास्टर थोडंथोडंच कालवायचं, कारण काही मिनिटांत ते आळायला लागतं आणि आळलेल्यात दाबलेला तुकडा पुढे गळून पडतो. आरशाचा खरा वैरी ओल. कापलेल्या कडेला मागचा रंगाचा थर उघडा पडतो, तिथून दमटपणा शिरतो आणि कडेकडेने पारा उडू लागतो. एका अखंड आरशाला चारच कडा. हजार तुकड्यांच्या कडा मोजायच्या कुणी?

मोनिर यांचं बालपण इराणमधल्या कझविन शहरातल्या जुन्या घरात गेलं. रंगवलेली छतं, रंगीत काचांच्या खिडक्या. म्हणजे नक्षी त्यांनी भिंतीवर टांगलेली नाही, भिंतीतच मुरलेली पाहिली. 1945 मध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या, तिथे कला शिकल्या, 1957 मध्ये इराणला परतल्या. साठच्या दशकात शिराझच्या शाह चेराग दर्ग्यात गेल्या, तेव्हा त्या आरसेमहालासारख्या घुमटाखाली भारावून बसून राहिल्या. इराणात आरशाच्या तुकड्यांची ही कला सफवी राजवटीच्या काळापासूनची, म्हणजे सोळाव्या ते अठराव्या शतकातली. व्हेनिसहून येणारे आरसे वाटेत फुटत आणि तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून ते भिंतीत बसवले गेले, अशी हकिकत सांगतात. खरी असो वा नसो, काटकसरीतून एवढी श्रीमंती निघाल्याची कल्पना मला आवडते.

पुढे हाजी उस्ताद मोहम्मद नाविद या कारागिराला सोबत घेऊन त्यांनी हेच काम घुमटावरून चौकटीत आणि सुट्या शिल्पात आणलं. 1979 च्या क्रांतीनंतर न्यूयॉर्कमधला लांबलचक विजनवास. तिथे ना ते कारागीर, ना ते सामान; त्या काळात रेखाटनं आणि कोलाज जास्त झाले. 2004 मध्ये तेहरानला परतल्यावर पुन्हा आरसे हाती आले.

2010 मधल्या ‘पहिलं कुटुंब’ या मालिकेत त्रिकोणापासून दशकोनापर्यंत आठ आकृत्या आहेत. षटकोन यातला गुणी: कंपास त्रिज्येएवढा उघडा, वर्तुळावर सहा पावलं टाका, सहावं पाऊल बरोब्बर सुरुवातीवर येतं. सप्तकोन मात्र नुसत्या कंपास-पट्टीने अचूक काढताच येत नाही. त्यावरचा जुना तोडगा असा, की वर्तुळात बसणाऱ्या समभुज त्रिकोणाची अर्धी बाजू सप्तकोनाची बाजू धरायची. 30 सेंटिमीटर त्रिज्येवर ही बाजू जेमतेम अर्धा मिलिमीटर अपुरी पडते. कागदावर ते कुणाला कळतही नाही, पण सात पावलं टाकून आलात की शेवटाला सुमारे 4 मिलिमीटरची फट हसत असते. एकाच सांध्यात ती दडपली, तर दुरूनही खटकते. सातही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर वाढवून दिला, तरच आकृती मिटते, आणि तेही काच कापायच्या आधी.